मागच्या दारासमोरची रिकामी जागा



पहूरची ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते आणि इथे येणारा वक्ता बहुधा मोठा विषय घेऊन येतो. संतसाहित्य, पाणीप्रश्न, संविधान. माझा विषय ऐकायला लहान आहे. वृद्धाश्रम, आश्रमशाळा, मुलींचं वसतिगृह, विशेष मुलांची निवासी शाळा, दवाखाना, म्हणजे जिथे माणसं दुसऱ्याच्या भरवशावर रात्री डोळे मिटतात, अशा प्रत्येक इमारतीला पुढच्या दाराखेरीज बाहेर पडायचं आणखी एक दार असतं, निदान असायला हवं. ते दार मोकळं ठेवायचं, एवढंच मला सांगायचं आहे. इतकी साधी गोष्ट आपल्या हातून का होत नाही, याचा विचार मात्र साधा नाही, आणि त्यासाठीच मी आज इथे आले आहे.

मी परिचारिका. माझी उभी हयात सरकारी दवाखान्यांत गेली. निवृत्तीनंतर खानदेशातल्या वृद्धाश्रमांत आणि निवासी शाळांत जाते. तिथल्या मावश्यांना आणि मामांना खाटेवरचा माणूस कसा उचलायचा, कुशीवर कसा वळवायचा, त्याला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते शिकवते. शिकवून झालं की एकदा मागच्या दाराकडे जाऊन येते. आज जे सांगणार आहे ते त्या दारांपाशी उभं राहून सुचलेलं आहे.

पहूरचाच विचार करा. पेठ आणि कसबे धरून गाव मोठं, जळगाव–संभाजीनगर रस्त्यावरचं, दिवसरात्र वाहता चौक. पण आग लागली तर बंब यायचा तो जामनेरहून, नाहीतर जळगावहून. रात्री दोन वाजता फोन लागला, ड्रायव्हर तयार होता, टाकी भरलेली होती, रस्ता मोकळा होता, असं सगळं जुळून आलं तरी वीस मिनिटं धरून चाला. बंद खोलीत धूर भरायला तीन-चार मिनिटं पुरतात. जिथे अग्निशमन केंद्र दोन गल्ल्यांपलीकडे आहे, तिथल्या माणसाला अडलेलं दार एखादे वेळी माफ होईल. आपल्याकडे बंब दारात येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून ही गोष्ट मुंबई-पुण्याची असल्यासारखी ऐकू नका. ती गावाचीच आहे.

आगीत माणसं जळून मरतात, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती आधी गुदमरतात. गादीतला फोम, रेक्झिन, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वायरचं आवरण जळायला लागलं की काळा धूर छताकडे जातो आणि तिथून खाली उतरत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, जाग आली तर पायांत बळ राहत नाही. धूर असेल तर जमिनीलगत रांगत बाहेर पडा, असं धडधाकट माणसाला सांगता येतं. ज्याच्या खुब्याचं हाड मोडलं आहे, ज्याची एक बाजू लुळी आहे, ज्याला आपण कुठे आहोत हेच उमगत नाही, त्याला काय सांगणार? त्याला कुणीतरी उचलून, ओढून, धरूनच न्यावं लागतं. आणि न्यायचं म्हटलं की मोकळी वाट लागते.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला धुमसणं म्हणजे काय ते सांगायला नको. जिनिंगमध्ये गंजीला लागलेली आग वरून विझली असं वाटतं आणि आत तासन् तास चालू राहते. वृद्धाश्रमातली कापसाची गादीही तशीच. ज्वाळा दिसत नाही म्हणून कुणी धावत नाही, आणि धूर मात्र खोली भरून टाकतो.

आता भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहांपैकी तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात तेच झालं, तिथे ११ रुग्ण गेले. एका वर्षात, एका राज्यात, निदान तीन वेळा. भंडाऱ्यानंतर सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते, तरीही.

भंडाऱ्यात आणि नगरमध्ये परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. मी त्या खात्यातली आहे, म्हणून यावर दोन शब्द बोलणं माझं कर्तव्य आहे. रात्रपाळीच्या सिस्टरने जागं राहायला हवं, कक्ष सोडून जाऊ नये, हे मान्य. पण इमारतीला बाहेर पडायच्या वाटा किती, त्या कुठे उघडतात, वायरिंग कधी बदललं, तालीम कधी झाली, हे ठरवणारी माणसं वेगळी असतात आणि त्या रात्री ती घरी झोपलेली असतात. दोष शोधताना आपण सगळ्यात शेवटी जे हात तिथे होते ते पकडतो. त्या हातांना उघडं दार आपण दिलं होतं का, हा प्रश्न त्या आधी विचारायला हवा.

मग दारं अडतात कशी? दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ प्रेक्षक गेले. तिथे बाल्कनीतून बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या आणि बॉक्स बसवून अडवली होती. तो पैशाचा लोभ होता आणि त्याचा राग येणं सोपं आहे. आपल्या संस्थांमध्ये मला लोभ फारसा दिसत नाही. तिथे दार अडतं ते काटकसरीने, भीतीने आणि बऱ्याचदा मायेनेही. म्हणून ते मोकळं करणं जास्त अवघड आहे.

एका वृद्धाश्रमातलं मागचं दार सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण चालवणारी माणसं चांगली आहेत. मे महिना, पारा ४५ च्या घरात. वीस खाटांचा हॉल, आणि हवा यायला मागचं दार हीच जागा, म्हणून लोखंडी स्टँडवर मोठा कूलर त्या दारात बसवलेला. दाराची एक फळी कायमची बंद, दुसरी कूलरने भरलेली. कूलरच्या पाण्यासाठी शेजारी दोनशे लिटरचा निळा ड्रम. ड्रमच्या मागे वर्षाचे गहू आणि ज्वारी भरलेली पोती, कारण कोठीच्या खोलीला ओल येते. पोत्यांवर गाद्यांची चळत. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या तीन मोडक्या खाटा. आणि एवढं सगळं ओलांडून दाराबाहेर गेलात, तर पायरीवरच कपाशीच्या काड्यांची मोळी, पाणी तापवायच्या बंबाला आणि भरताच्या वांग्यांना जळण म्हणून. मी व्यवस्थापकांना विचारलं, आप्पा, रात्री या बाजूला काही झालं तर? ते म्हणाले, ताई, कूलर काढला तर उद्याच दोन म्हातारी उन्हानेच जातील.

त्यांचं खोटं नव्हतं. खानदेशात उन्हाळ्यात म्हातारी माणसं उष्माघाताने जातात, आग मात्र रोज लागत नाही. रोजच्या संकटाने कधीतरी येणाऱ्या संकटाची जागा घेतली होती. अशा माणसाला नियम वाचून दाखवून भागत नाही. आम्ही मिस्त्री बोलावला. बाजूच्या खिडकीचे गज कापून कूलर तिथे बसवला, खालून लोखंडी कोन लावले. काम एका दिवसाचं होतं. पोत्यांसाठी मात्र जागा मिळाली नाही, ती पुढच्या वर्षी पत्र्याची शेड झाल्यावरच हलली.

त्या तीन मोडक्या खाटांचंही ऐकून घ्या. सरकारी दवाखान्यात आणि सरकारी आश्रमशाळेत मोडकी खाट अशी फेकता येत नाही. ती डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असते. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, त्याला प्रस्ताव, समिती, मंजुरी लागते, आणि मंजुरी येईपर्यंत खाट कुठेतरी उभी राहायला हवी. ती जिन्याखाली जाते. जिन्याखालची जागा भरली की मागच्या वाटेवर जाते. मी अशा वाटा पाहिल्या आहेत जिथे गंजलेली सलाइन स्टँड, चाक तुटलेली ट्रॉली आणि जुने रेकॉर्ड यांनी जिना गळ्यापर्यंत भरलेला असतो, आणि वर भिंतीवर हिरव्या अक्षरांत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ लिहिलेलं असतं. वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखेला निर्लेखन उरकायचंच, असा दंडक एखाद्या अधिकाऱ्याने घातला, तर तो दहा अग्निशामक सिलिंडरांपेक्षा जास्त जीव वाचवेल असं माझं मत आहे.

खासगी आणि धर्मादाय संस्थांमध्ये निर्लेखनाची अडचण नसते. तिथे अडचण तुमची आणि माझी असते. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. अलीकडे त्याच दिवशी लोक वृद्धाश्रमात जातात, आई-वडिलांच्या नावाने काही देतात. चांगली गोष्ट आहे. पण देतो काय? गाद्या, ब्लँकेटं, लोखंडी कपाट, पाण्याचा कूलर, व्हीलचेअर. प्रत्येकावर रंगवलेलं असतं, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. वीस माणसांच्या आश्रमात साठ गाद्या मी पाहिल्या आहेत. नको म्हणायची सोय नाही, कारण यंदा नको म्हटलं तर पुढच्या वर्षी दाता येणार नाही. मोडलं तरी टाकायची सोय नाही, कारण दाता वर्षश्राद्धाला येतो आणि विचारतो, आमच्या बापूंच्या नावाचं कपाट दिसत नाही ते? मग कपाट जिथे येणाऱ्याला दिसेल तिथे, म्हणजे वाटेवर ठेवतात. कपाटावर नाव रंगवता येतं. मोकळ्या वाटेवर कुणाचं नाव रंगवणार?

माझी पहूरकरांना विनंती आहे की ते नाव रंगवा. संस्थेला विचारा, तुम्हाला सामान ठेवायला खोली आहे का? नसेल तर पत्र्याची शेड बांधून द्या आणि तिच्यावर आईचं नाव लिहा. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या तोडून तिथे उतार करून द्या, म्हणजे खाट आणि व्हीलचेअर सरळ बाहेर जाईल. रात्रपाळीच्या एका माणसाचा वर्षाचा पगार उचला. हे दान फोटोत येत नाही, पण जन्मभर पुरतं.

रात्रपाळीचा माणूस मी उगाच म्हटला नाही. आता कुलपांकडे येते, आणि कुलपांचं मूळ तिथेच आहे.

तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी घरं होती. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे त्यातल्या एका झापाच्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने साखळीने बांधायला स्पष्ट मनाई केली. एरवाडीचं नाव काढलं की आपल्या अंगावर काटा येतो. पण साखळी पायात असली काय आणि दाराला असली काय, धुरात सापडलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच.

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या भागांत आश्रमशाळा आणि वसतिगृहं पुष्कळ आहेत. मुलींच्या वसतिगृहाला रात्री सरकतं लोखंडी गेट ओढून कुलूप घालायचं, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली. किल्ली अधीक्षिकेकडे, आणि अधीक्षिकेची खोली गेटच्या बाहेर. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच हे करतात. पालकही तेच मागतात. एक बाई मला म्हणाली, सिस्टर, आग लागली तर नशीब, पण पोरीला काही झालं तर मी गावात तोंड कसं दाखवू? आईची ही भीती खरी आहे, तिला हसून किंवा रागावून उत्तर देता येणार नाही. उत्तर दाराच्या बनावटीत आहे. बाहेरून किल्लीशिवाय उघडू नये आणि आतून साध्या कडीने, अंधारात, एका हाताने उघडावं, असं दार कुठलाही लोहार-सुतार करून देतो. राष्ट्रीय इमारत संहितेत हेच सांगितलं आहे: बाहेर पडायचं दार आतल्या बाजूने किल्ली न वापरता उघडता आलं पाहिजे, ते किमान एक मीटर रुंद हवं, आणि त्याच्या वाटेत कधीही काहीही ठेवायचं नाही. दवाखान्याची खाट साधारण तीन फूट रुंद असते. एक मीटरच्या दारात एक ड्रम ठेवला की खाट अडली.

वृद्धाश्रमातलं कुलूप वेगळ्या कारणाचं. विस्मरण झालेल्या आजी रात्री उठतात आणि माहेरी जायला निघतात. एक आजी हमरस्त्यापर्यंत गेल्या होत्या, ट्रकवाल्याने पाहिलं म्हणून वाचल्या. त्यानंतर त्या आश्रमाला कुलूप लागलं. रात्री दोघीच मावश्या, खाली एक आणि वर एक. एकीने झोपायचं नाही म्हटलं तरी किती जणांवर लक्ष ठेवणार? माणूस कमी पडला की त्याची जागा कुलूप घेतं. धुळे जिल्ह्यातल्या एका ठिकाणी मी यावर चांगला उपाय पाहिला. तिथल्या व्यवस्थापक बाई शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांनी मागच्या दाराला आतून नुसती कडी ठेवली आणि दाराच्या फळीवर बैलांची जुनी घुंगरमाळ बांधली. दार बोटभर हललं तरी हॉलभर आवाज होतो. आजी उठल्या की मावशी जागी होते, त्यांना पाणी पाजते, परत आणून निजवते. बॅटरीवर चालणारी दाराची घंटा आता बाजारात स्वस्त मिळते, तीही चालेल. दाराने हाक मारली पाहिजे, अडवून धरता कामा नये.

या निमित्ताने साने गुरुजींची आठवण काढावीशी वाटते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत आले. आपण त्याला प्रेम म्हणतो आणि ते होतंच. पण गृहपतीच्या कामाचा तो नीट समजून घ्यावा असा भागही आहे. ज्याच्या हाती रोज केरसुणी असते, त्याला कोणत्या कोपऱ्यात काय साठलं ते माहीत असतं. आजच्या अधीक्षकांच्या टेबलावर रजिस्टरं इतकी झाली आहेत की मागच्या वाटेपर्यंत जायला त्यांना वेळ उरत नाही. मी जिथे जाते तिथे कामाठीलाच विचारते. त्याला सगळं ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

बाहेरच्या देशांतही हे घडलं आहे. स्कॉटलंडमध्ये रोझपार्क नावाचा वृद्धांचा सांभाळ करणारा आश्रम होता. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे तिथल्या लांब बोळातल्या एका कपाटात, विजेच्या बोर्डापाशी, आग लागली. आग लहान होती आणि लवकर विझलीही. तरी १४ वृद्ध गेले. त्यांच्या खोल्यांची दारं उघडी होती आणि धूर सरळ आत गेला. घंटा वाजल्यावर कर्मचारी आग दुसऱ्याच भागात शोधत राहिले आणि बंबाला फोन करायला नऊ मिनिटं गेली. तिथे यंत्रं होती, कायदा होता, पैसा होता. नव्हती ती रात्री दोन-चार माणसांनी एकत्र करून पाहिलेली तालीम. म्हणून एक बारीक गोष्ट सांगते: बोळाकडे उघडणारी खोल्यांची दारं रात्री लोटून ठेवा. साधं लाकडी दार लोटलेलं असेल तरी धुराला काही मिनिटं थोपवतं, आणि तेवढ्यात मागची वाट मोकळी असेल तर खोलीतला माणूस बाहेर निघतो.

कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला नव्वदहून अधिक माणसं गेली. गाड्या ठेवायच्या तळघरात सामान साठवलं होतं. पहाटे ते पेटलं आणि धूर वातानुकूलनाच्या नळांतून वर वॉर्डांत गेला. खिडक्या काचेने बंद होत्या. केरळच्या दोन तरुण परिचारिका रुग्णांना बाहेर काढता काढता गेल्या. शेजारच्या झोपडपट्टीतली पोरं धूर पाहून धावत आली होती, त्यांना रखवालदारांनी आधी हाकलून लावलं. नंतर तीच पोरं भिंतींवर चढून रुग्णांना खाली उतरवत होती. मी हा भाग मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावात सगळ्यात आधी पोहोचणार ते शेजारीच. वृद्धाश्रमाशेजारच्या चार घरांतल्या माणसांना मागचं दार कुठे आहे, कोणत्या खोलीत न चालणारी माणसं आहेत, विजेचा मेन स्विच कुठे आहे, हे माहीत असायला हवं. ज्या संस्था कुंपण उंच करून गावापासून तुटून राहतात, त्यांच्या वाट्याला संकटात नुसती गर्दी येते.

दार मोकळं असणं पुरतं का? पुरत नाही, हे आपल्याला शेजारच्या पाचोरा तालुक्याने शिकवलं. पाचोरा म्हणजे पूर्वी चालणाऱ्या आपल्या पाचोरा–जामनेर ‘पीजे’ गाडीचं एक टोक, लांबचं नव्हे. २२ जानेवारी २०२५ ला परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, लोकांनी खाली उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावर समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. बारा-तेरा माणसं गेली. आग नव्हतीच. दारंही उघडी होती, पण ती ज्या जागेवर उघडत होती तिथे मरण उभं होतं. संस्थेत गेलात तर मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकून पहा. पुढे काय आहे? उघडी विहीर, नाला, काटेरी तार, की कुलूप लावलेलं दुसरं गेट? वीस माणसं अंधारात उभी राहू शकतील इतकी सपाट जागा आहे का, आणि तिथून रस्त्यावर जाता येतं का?

कायद्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे मालकाने किंवा ताबेदाराने आपल्या इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात गरजूंसाठी निदान एक, दीडशे जणांचा, वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या दर १०० माणसांत साधारण दहा जण साठीच्या पुढचे होते. मुलं पुण्याला, सुरतेला, परदेशात. मागे राहिलेल्या आई-वडिलांसाठी नवे आश्रम निघत राहणार. पुष्कळसे भाड्याच्या बंगल्यात, जुन्या वाड्यात, बंद पडलेल्या मंगल कार्यालयात निघतात. ती घरं न चालणाऱ्या माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. तपासणीला येणारा माणूस सिलिंडरवरची तारीख पाहतो आणि जातो. कागद होतो. आई-वडिलांना तिथे ठेवताना जेवण कसं आहे हे आपण विचारतो, ते बरोबरच आहे. रात्री किती माणसं कामावर असतात, आणि मागचं दार उघडून दाखवता का, हेही विचारा. किल्ली शोधायला कुणी पळालं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

शेवटी हिशेब. चाळीस जणांच्या आश्रमात आठ जण खाटेला खिळलेले आहेत असं धरा. एकाला चादरीसकट ओढत न्यायचं तर दोन माणसं आणि मोकळ्या वाटेने दोन मिनिटं. आठ जणांची सोळा मिनिटं झाली, आणि धुराने दिलेली तीन-चार. दोन मावश्यांनी हे जमणार नाही, म्हणून दोन गोष्टी आजच करता येतात. न चालणाऱ्यांच्या खाटा तळमजल्यावर, मागच्या दाराच्या अगदी जवळ आणायच्या. आणि शेजारच्या चार घरांना सांगून एका रात्री तालीम करायची. दिवसा केलेली तालीम कामाची नाही, कारण दिवसा स्वयंपाकी असतो, माळी असतो, पाहुणे असतात. रात्री अकरानंतर, मेन स्विच बंद करून, बॅटरीच्या उजेडात करा. आजी-आजोबांना आदल्या दिवशी सांगा, नाहीतर ते घाबरतील. खाटेवर माणसाऐवजी धान्याचं पन्नास किलोचं पोतं ठेवा आणि ते चादरीवरून ओढत अंगणात आणा. कुठे अडलं, कोणती कडी गंजली होती, कुणाच्या शेजाऱ्याने फोन उचलला नाही, किती मिनिटं लागली, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. जामनेरच्या बंबाचा आणि पहूर पोलिसांचा नंबर त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि वही रात्रपाळीच्या मावशीच्या उशाशी राहू द्या. आपल्या भागातल्या ज्या संस्थेला अशी तालीम करायची असेल, तिने आयोजकांकडे नाव द्यावं. मी येईन, आणि पोत्याचं एक टोक मी धरीन.